घाटग्यांचं विमान शून्यापासून बनवायचंय, पहिलंच मॉडेल आहे (कोल्हापूर)

गडहिंग्लजकर | १४ नोव्हेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. या विभागात आजवर नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय.

मूळ गाव गडहिंग्लज तालुक्यात, नोकरी बँकेत, राहायला राजारामपुरीत. लहानपणी हसूरचंपूचं नाव निघालं की आजोबा सांगायचे, "ह्या गावच्या पोरानं जर्मनीत शिकून येऊन आपल्या देशाचं विमान बनवलं." मला वाटायचं, प्रत्येक गावाची अशी एक गोष्ट असतेच. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं, आजोबांनी एक शब्दही वाढवून सांगितला नव्हता. डॉ. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल या वायुगतिशास्त्रज्ञांच्या हाताखाली डॉक्टरेट केली, पुढे बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले, आणि त्यांच्या गटानं आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडालं. आपल्याकडं आखलेलं आणि आपल्याकडंच घडवलेलं.

आपल्या जिल्ह्यात किती मुलांना हे माहीत असेल? म्हणून ते विमान मला कोल्हापूरच्या आभाळात उडताना बघायचंय. रेडिओ कंट्रोलवर, १/८ मापात. खऱ्याच्या पंखांचा विस्तार १०.७२ मीटर, म्हणजे आपलं १.३४ मीटरचं होईल. तयार किट खूप शोधलं, मला मिळालं नाही. त्यामुळे तीन बाजूंच्या आराखड्यावरून सगळं स्वतःच कापायचं, असं ठरवलंय.

लाकूडकामाचा अनुभव म्हणजे घरच्या गणपतीचं मखर आणि मुलीचं टेबल. विमान आजवर एकदाही उडवलेलं नाही. बाल्साचं हलकं लाकूड घ्यावं की फोमबोर्ड (कागद लावलेला फोम)? मोटर कोणती? आणि कोल्हापुरात उडवायचं कुठं?

झेपावणारी | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

गडहिंग्लजकर, तुमची पोस्ट वाचून फार बरं वाटलं. मी इंजिनिअरिंगला असल्यापासून, गेली अकरा वर्षं मॉडेल उडवतेय. घाटग्यांचं विमान करायचं कुणाच्या मनात आलेलं मी पहिल्यांदाच ऐकतेय.

तरीही सांगते: पहिलं मॉडेल एचटी-२ करू नका. त्याचे पंख खाली आहेत आणि चाक शेपटीला. पंख खालून असलेलं विमान वरून असलेल्यासारखं आपलं आपण सरळ होत नाही, सतत हातात धरून ठेवावं लागतं. टोकाकडं निमुळत्या होणाऱ्या पंखाचा आणखी एक त्रास असतो. वेग कमी झाला की उचल आधी टोकाकडची जाते, एक पंख खाली पडतो आणि विमान गिरकी घेतं. हे घडतं उतरताना, जमिनीपासून चार-पाच मीटरवर, जिथं सावरायला जागाच नसते. अनुभवी माणूस ते सांभाळतो. नवख्यानं तीन महिने खपून केलेलं काम मात्र तीन सेकंदांत जातं.

पण घाटगे सोडायची गरज नाही! हिंदुस्थान एअरक्राफ्टचंच पुष्पक बघा. त्याच्या कामातही घाटग्यांचा हात होता. १९५८ साली पहिल्यांदा उडालं, देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी वैमानिक त्याच्यावर शिकले. पंख वर, सरळ आयताकृती, आधाराला तिरप्या दांड्या, आत सांगाडा आणि वर कापड. ते खरं विमानच मॉडेल बनवावं तसं बनवलेलं होतं. विस्तार १०.९७ मीटर, १/८ मध्ये १.३७ मीटर. नवख्यासाठी याहून चांगलं स्केल मॉडेल मला सुचत नाही.

उद्यमनगरचा_पॅटर्नमेकर | १५ नोव्हेंबर, रात्री ९:२५

ताईंनी बरोबर सांगितलंय. मी विमानं उडवत नाही, फौंड्रीला लागणारे लाकडी पॅटर्न बनवतो, चौतीस वर्षं झाली. पण लाकडाच्या बाजूनं मलापण पुष्पकच पटतंय.

पंख आयताकृती म्हणजे सगळ्या रिब, पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, एकसारख्या. बावीस रिब बावीस वेळा आखून कापशील तर बावीस तऱ्हेच्या होतील. तसं करायचं नाही. ३ मि.मी. प्लायवुडचे दोन साचे एकदम अचूक करून घे. मधे बाल्साचे बावीस तुकडे रचायचे, दोन ठिकाणी बोल्ट आरपार घालून आवळायचं, आणि पूर्ण गठ्ठा रंधा आणि पॉलिश पेपर मारून साच्याबरोबर आणायचा. स्पारच्या, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्यांच्या, खाचापण गठ्ठ्यातच करवतीनं एकदम पाडायच्या. बोल्ट काढला की बावीस जुळ्या रिब हातात.

साचे माझ्याकडं करून देतो. पैशाचं काही बोलू नको. घाटगेसाहेबांचं विमान म्हटल्यावर हे आमचंपण काम आहे.

गडहिंग्लजकर | १६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

काल रात्री वाचलं तेव्हा थोडं वाईट वाटलं, कारण मनात एचटी-२ च बसलंय. पण आज दिवसभर पुष्पकचे फोटो बघत होतो आणि आता तेही तितकंच आवडायला लागलंय. ताई, काका, तुमचं ऐकतो. आधी पुष्पक.

काका, रविवारी दुकानावर येऊ का?

त्रिकोणमिती | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी शाळेत गणित शिकवतो. गडहिंग्लजकरांनी काही आखायच्या आधी मापाचा हिशेब मांडून ठेवतो, कारण स्केल मॉडेलमधली बरीच दुखणी इथूनच निघतात.

लांबी १/८ झाली की क्षेत्रफळ १/६४ होतं आणि घनफळ १/५१२. पुष्पक भरून साधारण ६०० किलोचं, त्याला ५१२ नं भागलं की सुमारे १,२०० ग्रॅम येतात. मॉडेलचं वजन याच्या आत ठेवलंत तर ते खऱ्यासारखं तरंगेल. वेगाला मात्र ८ चं वर्गमूळ लागतं, म्हणजे २.८३. खरं विमान ताशी १३० कि.मी.नं जात असेल तर आपलं ताशी ४६ कि.मी.ला तसंच दिसेल. मॉडेल जड झालं की हवेत टिकायला जास्त वेग लागतो आणि मग ते डासासारखं भिरभिरताना दिसतं. डोळ्याला ते लगेच खोटं वाटतं.

पंखाची रुंदी, म्हणजे कॉर्ड, १८.५ सें.मी. धरली तर १३७ × १८.५ = २,५३५ चौ. सें.मी., म्हणजे साधारण २५ चौरस डेसिमीटर. १,१०० ग्रॅमला दर चौरस डेसिमीटरवर ४४ ग्रॅम भार येतो. शिकणाऱ्याला हे झेपतं. दीड किलो झालं तर साठच्या घरात जाल, तेव्हा पहिल्या काडीपासून वजन करा.

एक गोष्ट मापात राहत नाही ती हवा. छोट्या पंखावरून जाणारी हवा मोठ्या पंखासारखी वागत नाही, म्हणून खऱ्या पंखाचा छेद जसाच्या तसा उतरवून चालत नाही. सपाट पोटाचा क्लार्क वाय नावाचा छेद घ्या. त्याची जाडी ११.७ टक्के, म्हणजे तुमच्या पंखाची जाडी २ सें.मी.च्या जराशी वर येईल. आडवी शेपूटही मापापेक्षा १०-१५ टक्के मोठी ठेवा. बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही आणि विमान स्थिर राहतं.

झेपावणारी | १७ नोव्हेंबर, रात्री ८:३०

सरांनी माझं अर्धं काम केलं. उरलेलं लिहिते.

मोटर २२१२, १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे). प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, १०×४.५ इंची. मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी ३० अँपिअर. बॅटरी तीन सेलची २२०० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर). ही जोडी पाऊण किलोच्या पुढं ओढते आणि पुष्पकसारख्या संथ विमानाला वजनाच्या निम्मा ओढाही पुरतो. पंखाच्या आणि शेपटीच्या झडपा हलवणारे सर्वो ९ ग्रॅमचे चार. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा, सहा चॅनेलचा साधा चालेल, फ्लायस्कायचा आय-६ बरेच जण वापरतात. सर्वोपासून झडपेपर्यंतच्या पुशरॉड म्हणून सायकलच्या तारा घ्या. २ मि.मी. जाड, सरळ, कडक आणि कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात मिळतात.

लिपोबद्दल मात्र हात जोडून सांगते. पूर्ण भरली की सेलमागे ४.२ व्होल्ट, त्याच्या वर कधीच नाही. ३.५ च्या खाली न्यायची नाही. ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर ठेवायची. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, चार्जिंगला लावून झोपायचं नाही. मोटरची चाचणी घेताना प्रॉप काढूनच बॅटरी जोडायची. माझ्या एका मित्राच्या बोटाला सात टाके पडलेत, तेव्हा हे नुसतं पुस्तकातलं सांगत नाहीये.

आणि पुष्पकचं लाकूड येईपर्यंत दोन गोष्टी करा. रेडिओ कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर रोज अर्धा तास उडवा. आणि ५ मि.मी. फोमबोर्डचं एक साधं, वर पंख असलेलं शिकाऊ विमान दोन संध्याकाळींत करा. पडू दे, तुटू दे, हॉट ग्लूनं चिकटवा, परत उडवा. पुष्पक घेऊन मैदानात जाल तेव्हा बोटांना सवय झालेली असली पाहिजे. मोटर, ईएससी, रिसीव्हर तेच पुढं पुष्पकमध्ये घालता येतील.

हुपरीकर | १८ नोव्हेंबर, दुपारी १:१५

लई भारी धागा. दोन शंका. फोमबोर्डच्या जागी सनबोर्ड चालेल का? आमच्याकडं फ्लेक्सवाल्याकडं ढिगानं पडलेला असतो. आणि बाल्सा बाहेरून मागवायच्याऐवजी आपला पांगारा का नको? हाताला हलका लागतो की.

उद्यमनगरचा_पॅटर्नमेकर | १८ नोव्हेंबर, रात्री ९:००

पांगारा हलका आहे, खरं आहे. पण बाल्साच्या जवळजवळ दुप्पट भरतो आणि पातळ पट्टीला सरळ राहत नाही. पंखाच्या टोकाचा ठोकळा, वैमानिकाचं डोकं असल्या घडीव कामाला वापर. स्पार-रिबला नको.

बाल्सातपण सगळ्या फळ्या सारख्या नसतात. एकाच मापाच्या दोन फळ्या घेतल्या तर एक दुसरीच्या दीडपट भरंल. जड आणि ताठ ती स्पारला, मऊ आणि हलकी ती शेपटीला आणि रिबला. नखानं दाबून बघ, कळतंय.

झेपावणारी | १८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

सनबोर्ड नको. तो पीव्हीसी आहे, कागद लावलेल्या फोमबोर्डपेक्षा कितीतरी जड. दिसतो सारखा, म्हणून बरेच जण फसतात. आणि थर्माकोल किंवा फोमच्या उघड्या भागावर साधा इन्स्टंट ग्लू लावू नका, फोम विरघळून खड्डा पडतो. तिथं हॉट ग्लू किंवा फोमसाठीचा वेगळा ग्लू. बाल्साला मात्र पांढरा फेविकॉल सगळ्यात चांगला. सावकाश वाळतो, पण सांधा लाकडापेक्षा घट्ट होतो. मोटर बसते त्या फायरवॉलला दोन भागांचं इपॉक्सी.

गडहिंग्लजकर | २१ डिसेंबर, दुपारी ४:२०

महिनाभर गप्प होतो, कारण हात कामात होते. फोमबोर्डचं विमान झालं, उडालं, आणि आज सकाळी उसात गेलं.

नीट सांगतो. प्रयाग चिखलीच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाचं रान आहे, तिथं गेलो होतो. पहिले चार दिवस छान गेले होते, आज पाचवा. विमान लांब जाऊन माझ्याकडं वळलं आणि डावं-उजवं उलटं झालं. सिम्युलेटरवर हे शंभर वेळा केलं होतं, पण खऱ्या विमानासमोर छातीत धडधडतं तेव्हा बोटं ऐकत नाहीत. उजवा पंख खाली गेला, मी रेडिओची दांडी भलतीकडं दिली आणि विमान गिरकी घेत शेजारच्या उसात गेलं. बारा-तेरा फूट वाढलेला ऊस. आत शिरलो तर चार पावलांवरचं दिसेना. अडीच तास शोधलं, हातापायाला पानांचे चरे पडले. शेवटी मोटर अधूनमधून फिरवत आवाजाच्या रोखानं गेलो तेव्हा सापडलं. पंख मोडलाय, बाकी सगळं शाबूत.

मन खट्टू झालंय. पण एक कळलं, आज तिथं पुष्पक असतं तर मी हा धागा पुढं लिहिला नसता.

झेपावणारी | २१ डिसेंबर, संध्याकाळी ६:०५

खट्टू होऊ नका. समोरून येणाऱ्या विमानासाठी मला शिकवलेली युक्ती देते: जो पंख खाली झुकलेला दिसतोय, त्याच बाजूला दांडी द्यायची. जणू दांडीनं त्या पंखाला खालून टेकू द्यायचा. डावं-उजवं असा विचारच करायचा नाही. दोन आठवड्यांत अंगवळणी पडेल.

आणि रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनेलवर छोटा बझर लावा. उसाच्या मुलखात तो बॅटरीइतकाच गरजेचा. मोटर फिरवून शोधणं नको. प्रॉप अडकला तर ईएससी जळतो, आणि तुम्ही जवळ पोचलात आणि बोट गेलं तर त्याहून वाईट.

वारणाकाठ | २२ डिसेंबर, सकाळी ८:४५

आमचं रान कोडोलीजवळ आहे. सोयाबीन निघाल्यापासून दीड एकराचा तुकडा पडीक आहे, पाऊस पडेपर्यंत काही लावायचं नाही. एका बाजूला ऊस होता तो जानेवारीत जाईल, कारखान्याची तोड यायची आहे. विजेची तार पूर्वेला, लांब. मी फळी मारून सपाट करून ठेवतो. या सगळे. सकाळी साडेनऊपर्यंत वारा अजिबात नसतो, नंतर डोंगराच्या बाजूनं सुटतो.

विमानातलं मला काही कळत नाही, पण पोरांना दाखवायचं आहे.

झेपावणारी | २२ डिसेंबर, सकाळी ९:३०

दादा, तुमचे किती आभार मानू? जागा नियमातही बसते, म्हणून सगळ्यांसाठी लिहून ठेवते.

ड्रोन नियम, २०२१ मध्ये आपली मॉडेल विमानंही येतात. २५० ग्रॅम ते २ किलोचं विमान हौसेसाठी उडवायला पायलटचा परवाना लागत नाही, पण जागेची बंधनं लागतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ कि.मी.च्या आत परवानगीशिवाय उडवायचं नाही. ८ ते १२ कि.मी.मध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, त्यापुढं नकाशात हिरव्या दाखवलेल्या भागात ४०० फूट. आपला विमानतळ उजळाईवाडीला, म्हणजे शहराचा मोठा भाग या वर्तुळांत येतो. शहरातली मैदानं म्हणूनच नकोत, शिवाय तिथं माणसं असतात. जाण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा नकाशा बघायचा. कुणी मसाई पठार सुचवेल, पण ते आता संवर्धन राखीव आहे. तिथल्या फुलांना आणि पक्ष्यांना त्रास द्यायला आपण जायला नको.

गडहिंग्लजकर | २६ जानेवारी, रात्री १०:१५

पंख उभा राहिला! काकांच्या दुकानात सलग चार रविवार गेलो. पहिल्या रविवारी रिबचा गठ्ठा. दोन साचे, मधे बावीस फळ्या, आणि काका पॉलिश पेपरचा ठोकळा घेऊन असे घासत होते की तासाभरात सगळा गठ्ठा एका लाकडाचा वाटायला लागला. बोल्ट काढून रिब पसरल्या तेव्हा मी अक्षरशः मोजत बसलो. कुठलीही उचला, कुठल्याहीवर ठेवा, कड जुळते.

वर-खाली ६ मि.मी.चे स्पार, मधे लाकडाच्या रेषा उभ्या ठेवून दीड मि.मी. बाल्सा. काकांनी इथं मला थांबवलं. मी ते तुकडे आडव्या रेषांनी लावणार होतो. काका म्हणाले, वरचा स्पार दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि मधल्या फळीचं काम दोघांना एकमेकांपासून न हलू देणं. रेषा उभ्या असल्या तरच ती ते करते. फळीवर ठेवून पंख जुळवताना त्रिकोणमिती सरांच्या सांगण्यावरून टोकाच्या रिबच्या मागच्या कडेखाली ६ मि.मी.ची पट्टी ठेवली. त्यानं टोकाला दोन अंशांचा पीळ बसतो, म्हणजे वेग कमी झाला तरी टोकाकडची उचल शेवटी जाते. ताईंनी पहिल्या पोस्टमध्ये ज्या धोक्याचं लिहिलं होतं, त्याच्यावरचा हा उपाय.

आता शेपटीचं. शेपूट मी घरी एकट्यानं केली, ३ मि.मी.च्या भरीव फळीतून. सुबक झाली होती, मुलीनं तिच्यावर हात फिरवून बघितलं. दुकानात नेली. काकांनी काट्यावर ठेवली, ६२ ग्रॅम. काका काही बोलले नाहीत. आराखडा पुढं ओढून पट्टीनं मोजलं: तोलाच्या बिंदूपासून शेपूट ४५ सें.मी., बॅटरी पुढं १५ सें.मी. "शेपटीला एक ग्रॅम जास्त झाला की नाकात तीन घालावे लागतात," म्हणाले, "मोठ्या नाकाच्या विमानाला चालतंय. ह्याचं नाक बारकं आहे."

घरी येऊन रात्रभर विचार केला आणि नव्यानं केली. ५ मि.मी. मऊ बाल्साच्या पट्ट्यांची चौकट, आत तिरपे आधार, बाकी मोकळी जागा. ३४ ग्रॅम. शेपटीचे २८ वाचले आणि नाकातलं ८४ ग्रॅम शिसं वाचलं. एकूण ११२ ग्रॅम, एका रात्रीच्या कामात. जुनी शेपूट टाकवत नाही, भिंतीवर लावलीय.

हुपरीकर | २७ जानेवारी, सकाळी ७:३०

हे वाचून आमचे वडील खूश झाले. चांदीच्या कामात आम्ही ग्रॅमसुद्धा सोडत नाही, पण लाकडात कुणी असं वजन करत असंल असं वाटलं नव्हतं. भावा, काटा लागला तर आमच्याकडं ये, ग्रॅमच्या खालचंपण दाखवतो.

मलापण एक करायचंय. रिबचा साचा मिळंल का?

त्रिकोणमिती | २७ जानेवारी, संध्याकाळी ७:००

मोटर बसवताना तिचं तोंड दोन अंश उजवीकडं आणि दोन-तीन अंश खाली ठेवा. प्रॉप मागून बघितलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, त्याच्या उलट्या धक्क्यानं विमान डावीकडं कलतं. आणि पंख वर, मोटर खाली असल्यामुळे पॉवर दिली की नाक वर उठतं. मोटरची बैठक आणि फायरवॉल यांच्या मधे दोन वॉशर घातले की दोन्हींचं काम होतं.

तोल सोपा आहे. तुमचा पंख आयताकृती, म्हणून पुढच्या कडेपासून कॉर्डच्या २७ टक्क्यांवर, म्हणजे बरोबर ५ सें.मी.वर खूण करा. तिथं दोन बोटांवर विमान नाक किंचित खाली ठेवून तरंगलं पाहिजे. पहिल्या उड्डाणाला तोल त्याच्या मागं अजिबात नको.

गडहिंग्लजकर | २२ फेब्रुवारी, रात्री ९:५०

सांगाड्यावर प्लास्टिकची फिल्म चढवली. इस्त्रीला जुना सुती मोजा घातला, नाहीतर फिल्मवर ओरखडे येतात. आधी कडा चिकटवायच्या, मग मधे गरम करून ताणायचं. पंखाच्या एका बाजूची फिल्म आधी आणि दुसऱ्या बाजूची नंतर ताणली तर पंख वळतो, म्हणून वर-खाली आलटून पालटून.

वजन: पंख २९०, धड आणि चाकं २८०, शेपूट ३४, मोटर-ईएससी-प्रॉप १००, बॅटरी १८५, सर्वो ३६, रिसीव्हर १५, तारा आणि बिजागऱ्या ३०, फिल्म ११०. एकूण १,०८० ग्रॅम. तोल ५ सें.मी.वर आला आणि नाकात शिसं शून्य.

खर्चही सांगून ठेवतो: सगळं मिळून सोळा हजारांच्या आसपास, त्यात निम्म्याहून जास्त रेडिओ, चार्जर आणि दोन बॅटऱ्या, म्हणजे पुढच्या विमानालाही चालतील. एक बॅटरी ऑनलाइन दुकानातून आली तीच फुगलेली होती. परत करायला तीन आठवडे भांडावं लागलं. आली की लगेच पाकीट फोडून बघा.

रविवारी कोडोली. काका येतायत.

गडहिंग्लजकर | १ मार्च, दुपारी १२:३०

आज सकाळी ८:१० ला पुष्पक उडालं.

हात अजून थरथरतोय, तरी लिहितोच. वारणाकाठ दादांनी रान अंगणासारखं सपाट करून ठेवलं होतं. काका आले, ताई कोल्हापूरहून आल्या, हुपरीकर वडिलांना घेऊन आले. माझे बाबाही आले होते. आजोबा आता नाहीत.

ताईंनी तपासणी माझ्याकडून करवून घेतली, स्वतः हात लावला नाही. दांडी उजवीकडं, उजवं एलेरॉन (पंखाची झडप) वर. दांडी मागं, एलिव्हेटर (आडव्या शेपटीची झडप) वर. रेडिओची रेंज. बॅटरी १२.६ व्होल्ट. आधी नुसतं जमिनीवर फिरवलं, एलिव्हेटर मागं धरून, कारण शेपटीच्या चाकाचं विमान सोडलं की स्वतःभोवती गोल फिरतं. मग वाऱ्याच्या समोर तोंड.

पॉवर सावकाश वाढवली. शेपूट उचलली गेली, नाक डावीकडं जायला लागलं, उजवा रडर (उभ्या शेपटीची झडप) दिला, आणि वीसेक मीटरवर चाकं सुटली. मी काहीच केलं नाही, ते आपण होऊन गेलं. वर जाताना नाक जास्त उठत होतं, ताई शेजारून शांतपणे म्हणाल्या, "ट्रिम दोन घर खाली." दिली. मग ते असं संथ वळलं, सूर्य पलीकडं होता, फिल्ममधून बावीसच्या बावीस रिब दिसल्या. काका म्हणाले, "बघ, एक सारखी आहे की नाही."

सात मिनिटांचा टायमर लावला होता. पहिल्यांदा उतरवताना लांबलं म्हणून परत वर नेलं, दुसऱ्यांदा उतरवलं. एक हलका टप्पा, थांबलं. उसाचा तर आता फक्त खोडवा उरलाय. बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टवर होती.

बाबा तोवर गप्प होते. विमान हातात घेऊन शेपटीकडून बघत राहिले, आणि म्हणाले, "हसूरचंपूला कधी नेतोस?"

झेपावणारी | १ मार्च, दुपारी २:००

फार छान उडवलंत. माझ्या पहिल्या दिवशी मी याच्या अर्ध्यानंही नीट नव्हते. पुढचे निदान पंचवीस उड्डाणं पुष्पकवरच, वारा थोडा असतानाही. मग एचटी-२.

वारणाकाठ | १ मार्च, संध्याकाळी ७:२०

पोरं संध्याकाळपासून पुठ्ठ्याचे पंख कापत बसल्यात. पुढच्या रविवारीपण या.

उद्यमनगरचा_पॅटर्नमेकर | ३ मार्च, रात्री ९:१०

हुपरीकर, पुष्पकच्या रिबचे साचे माझ्याकडं ठेवलेत, घेऊन जा, काम झालं की परत आण.

गडहिंग्लजकर, एचटी-२ ची घाई नको, ताई म्हणतात तेवढं उडवून घे. साचे मात्र मी आतापासून करतोय. मुळाकडच्या आणि टोकाकडच्या रिबचे गुरुवारपर्यंत होतील. पंख निमुळता आहे, तेव्हा डाव्याचा आणि उजव्याचा गठ्ठा वेगळा बांधायचा. एकाच गठ्ठ्यात घासलास तर एका बाजूच्या रिबची तिरपी कड उलटी येईल. आणि तुकडे जरा मोठे कापून आण, तिरपं घासताना लाकूड जास्त जातंय.